कमानीच्या खिडकीचा पडदा : तयार मालाला न जमणारे काम

चाकूरच्या बाजारात लग्नसराई ओसरू लागली की एक गिऱ्हाईक हमखास दिसते. घर नवे बांधलेले असते, रंगही झालेला असतो, आणि पडद्यांसाठी हाती जेमतेम पैसे उरलेले असतात. मोबाइलमध्ये खिडकीचा फोटो असतो. खिडकी वरून गोल, कमानीची. दुकानदार फोटो पाहतो न पाहतो आणि सात फुटी तयार पडद्यांचे दोन नग काढून पुढ्यात टाकतो. गिऱ्हाईक ते घेऊन जाते. घरी गेल्यावर सरळ दांडी कमानीच्याही वर, छताजवळ ठोकली जाते. पडदा सोडला की कमान दिसेनाशी होते ती कायमची.

मग कमान केली कशाला, असे आम्हास विचारावेसे वाटते. गवंड्याने फर्मा लावून गोलाई काढली त्याची मजुरी वेगळी. सुताराने गोल चौकट जोडली, तिला लाकूड जास्त लागले, दिवस जास्त लागले. वेल्डरने जाळीचे गज वाकवून दिले, त्याचेही वेगळे मोजले. तीन कारागिरांचे पैसे देऊन जी वस्तू उभी केली ती शेवटी तयार कापडाच्या दोन तुकड्यांखाली झाकली. यात घरमालकाचे नुकसान आहेच, पण व्यापारी व कारागीर बंधूंच्या या पानावर आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्या नुकसानीबद्दल. ते आपल्या शिंप्यांचे, सुतारांचे आणि घरी मशीन चालवणाऱ्या भगिनींचे आहे.

तयार पडदे बहुतेक ठरावीक मापांतच येतात. रुंदी चार फूट, लांबी पाच, सात किंवा नऊ फूट. पाच खिडकीला, सात दाराला, नऊ उंच दाराला. पानिपतचा, सुरतचा, करूरचा माल याच मापांत गठ्ठ्याने उतरतो आणि लातूरच्या गंजगोलाईपासून आपल्या आठवडी बाजारापर्यंत पोहोचतो. सरळ खिडकीच्या पडद्यात आपला शिंपी या मालाशी भावात टिकणार नाही, हे मान्य करून टाकलेले बरे. शर्ट-पँटच्या शिलाईचे जे झाले तेच इथे होते आहे. पिंजारी बंधूंच्या कापसाच्या गाद्या फोमच्या गाद्यांनी कशा मागे टाकल्या तेही आपण डोळ्यांनी पाहिले. त्या वेळी हळहळण्यापलीकडे कोणी काही केले नाही.

कमानीची गोष्ट मात्र वेगळी आहे. दोन घरांच्या कमानी सारख्या नसतात. एकाच घरातल्या दोन खिडक्यांच्याही नसतात, कारण गवंड्याचा हात एका बाजूला बोटभर सरकलेला असतो. असा माल गठ्ठ्यात बांधून पानिपतहून येऊ शकत नाही. खिडकीपुढे उभे राहून, कागद लावून, माप घेऊनच तो करावा लागतो. आमचे मत असे की, तयार मालाच्या या दिवसांत गावातल्या कारागिरासाठी जी थोडी कामे उरली आहेत त्यांत कमानीचा पडदा हे एक चांगले काम आहे. मात्र ते आपणच निष्काळजीपणाने घालवत आहोत.

आमच्याच घरचा अनुभव सांगतो. आमच्या बैठकीला रस्त्याकडची एक कमानीची खिडकी आहे. तिला वरपर्यंत पडदा करायचा ठरवला. सुताराने चौकटीची रुंदी घेऊन वाकवलेली पट्टी आणली. शिंपी घरी आलाच नाही, आम्ही तोंडी सांगितलेली उंची त्याने लिहून घेतली. आम्ही उंची सांगितली ती कमानीच्या मधल्या टोकापासूनची. बाजूला कमान किती खाली उतरते ते त्याने विचारले नाही आणि आम्हालाही सुचले नाही. पडदा आला तो मधोमध बरोबर आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर लोळणारा. कात्री मारून सारखा केला. पहिल्या धुण्यात सुती कापड आटले आणि तोच पडदा खिडकीच्या कट्ट्याच्या वर चढून बसला. शिंपी म्हणे सुताराची पट्टी चुकली, सुतार म्हणे शिंप्याची कात्री चुकली. नावे सांगत नाही, दोघेही भले लोक आहेत. चूक अशी की दोघे एकदाही एका वेळी त्या खिडकीपुढे उभे राहिले नाहीत.

आता कामाचे बोलू. कमानीच्या खिडकीचे दोन भाग समजावेत. खालचा चौकोनी आणि वरचा गोल. कमान जिथून वळायला लागते तिथे दोन्ही बाजूंना खडूने खूण करून आडवी रेष ओढावी. हीच कामाची रेष. आमच्या मते शंभरातल्या बहुतेक घरांना या रेषेवर किंवा तिच्या दोन बोटे खाली दांडी लावून फक्त खालचा भाग पडद्याने झाकणे पुरते. वरची कमान उघडी राहू द्यावी. दांडी बारीक घ्यावी, टोकाला मोठे पितळी गोळे नकोत. पेलमेटची पेटी तर कमानीच्या खिडकीला लावूच नये. ती कमानीला मधोमध कापल्यासारखी दिसते.

घरच्या पडद्याचे काय, असे कोणी विचारील. विचार रास्त आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर जाते ती पाच-सहा फुटांपर्यंत, आणि कमान बहुधा त्याच्या वरच सुरू होते. खालचा भाग नीट झाकला तर आतल्या बायामाणसांना अडचण राहत नाही आणि दिवसा दिवा लावावा लागत नाही. समोर शेजाऱ्याची माडी किंवा गच्ची असेल तर गोष्ट निराळी, तिथे वरचा भागही झाकावा लागेल. खिडकी जमिनीलगत असेल आणि कमान मुळातच खाली असेल तरीही तसेच. म्हणून कारागिराने माप घेण्याआधी खिडकीतून बाहेर पाहावे. कापडाचा रंग नंतर.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्याच्या मध्याला आपल्या भागात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला ऐन उन्हाळ्यात फारसे ऊन लागत नाही. ते थंडीत आत येते, तेव्हा हवेसेच वाटते. उत्तरेचा प्रश्न नाही. पूर्वेचे ऊन दहा वाजेपर्यंत संपते. छळते ती पश्चिमेची खिडकी. तीन वाजल्यापासून मावळेपर्यंत ऊन सरळ आत येते आणि भिंती तापवते. पश्चिमेच्या कमानीला वरचा भागही झाकावा आणि खालच्या पडद्याला अस्तर लावावे, नाहीतर दोन उन्हाळ्यांत रंग विटतो. अस्तर पांढरे किंवा मळकट पांढरे घ्यावे आणि ते काचेकडे यावे. एकाच घरातल्या सगळ्या खिडक्यांना एकसारखे पडदे खपवणारा दुकानदार गिऱ्हाइकाचे हित पाहत नाही, हे आम्ही स्पष्ट म्हणतो.

जुने लोक वरच्या भागाला झरोका ठेवत किंवा रंगीत काचा बसवत. ती नुसती हौस नव्हती. तापलेली हवा वर चढते आणि वाट मिळाली तर वरूनच बाहेर जाते. आपण वरचा भाग कापडाने बुजवतो आणि मग कूलर लावतो. कूलरवरून आठवण झाली. वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत मोठ्या घरांत होती. पण ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात खिडकीवर पाणी शिंपडा असे कोणत्या तोंडाने सांगावे? बांबूची चिक मात्र आजही चांगली. बुरूड बांधवांकडून मापाची करून घेता येते, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून लावली तर ऊन काचेवर येण्याआधीच अडते, आणि आतला पडदा हलका असला तरी चालतो. कमानीला ती आडव्या रेषेवरच टांगावी. गोल कापलेली चिक गुंडाळली जात नाही.

वरची गोलाई झाकायची असेल तर दोन रस्ते आहेत. एक कापडाचा, एक लाकडाचा.

कापडाचा रस्ता म्हणजे उगवत्या सूर्यासारख्या चुण्या. कमानीच्या कडेने वाकवलेली पट्टी, तिच्यावर कापड ओवलेले, आणि सगळ्या चुण्या खालच्या रेषेच्या मध्यावर एका ठिकाणी ओढून गोल बटणाखाली झाकलेल्या. दिसायला अवघड, पण हिशेब शाळेतला आहे. खिडकी चार फूट, म्हणजे ४८ इंच रुंद आणि वर पूर्ण अर्धगोल असेल तर त्रिज्या २४ इंच आणि कमानीच्या कडेची लांबी सुमारे साडेपंच्याहत्तर इंच. दीडपट चुण्या धरल्या तर ११३ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर तीन तुकडे लागतात, प्रत्येक २४ अधिक दुमड आणि शिलाईचे ६, असा ३० इंचांचा. एकूण ९० इंच, म्हणजे सव्वादोन मीटरला थोडे वर. कापड वॉइल किंवा जाळीदार, पातळच हवे. जाड कापडाच्या चुण्या मध्यावर एकत्र आल्या की मुठीएवढी गाठ होते आणि बटण बसत नाही. हा पडदा उघडता येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. आणि धुवायला काढता येईल अशी पट्टी बसवावी, कारण आपल्याकडची धूळ कोणाला चुकलेली नाही.

याच खिडकीच्या खालच्या भागाचाही हिशेब देतो, कारण कापड कमी धरून फसवणे आणि जास्त धरून फसवणे, दोन्ही प्रकार चालतात. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर, म्हणजे ६० इंच. चुण्यांसाठी दुप्पट, १२० इंच. ४८ चा पन्हा असेल तर अडीच, म्हणजे तीन पन्हे. पडदा आडव्या रेषेपासून जमिनीपर्यंत ८४ इंच उतरत असेल तर वरची-खालची दुमड धरून प्रत्येकी ९६ इंच. तीन पन्ह्यांचे २८८ इंच, सव्वासात मीटरहून थोडे जास्त, साडेसात घ्यावे. सुती कापड कापण्याआधी भिजवून घ्यावे. शेकडा तीन आटले तरी ८४ इंचांत अडीच इंच गेले, आणि आमच्या खिडकीत झाले तसे होते. उरलेले कापड गिऱ्हाइकाला परत द्यावे. उशीचा एक अभ्रा होईल एवढे कापड ठेवून घेऊन आपल्या पोटाला काही पुरत नाही, नाव मात्र जाते.

लाकडाचा रस्ता सुतारांचा. गोलाईत जाळी, नाहीतर चक्राच्या आऱ्यांसारख्या पट्ट्या बसवून मध्ये रंगीत किंवा दुधी काच. याला धुणे नाही, आटणे नाही. खर्च एकदाच. पैसा असेल त्याने हेच करावे असे आम्ही म्हणू, आणि खाली साधा पडदा सोडावा. इथे सुताराला कमानीचा प्रकार ओळखता आला पाहिजे. अर्धगोल कमान एका केंद्राची असते. टोकदार कमान दोन केंद्रांची. बहुधा केंद्रे दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि पूर्ण रुंदीची दोरी धरून दोन्हीकडून वळण काढले की वर टोक जुळते. ४८ इंचांच्या खिडकीला अशा कमानीची उंची साडेएक्केचाळीस इंच येते. चपटी कमान सर्वांत फसवी. तिचे केंद्र खिडकीच्या पोटात कुठेतरी खाली असते आणि अंदाजाने सापडत नाही. अर्ध्या रुंदीचा वर्ग आणि उठावाचा वर्ग यांची बेरीज करून उठावाच्या दुपटीने भागावे, त्रिज्या मिळते. रुंदी ४८ आणि उठाव १२ असेल तर ५७६ अधिक १४४, भागिले २४, म्हणजे ३० इंच. ज्याचे शिक्षण सातवीत सुटले त्या मुलालाही हे दहा मिनिटांत येते. आम्ही शिकवून पाहिले आहे.

आणि गणित नकोच असेल तर वर्तमानपत्र आहे. चार पाने चिकटवून खिडकीवर धरावीत, चौकटीच्या कडेने बोटाने दाब द्यावा, उमटलेल्या रेषेवर कात्री चालवावी. फर्मा तयार. गवंड्याचा फर्मा लाकडाचा, शिंप्याचा कागदाचा, एवढाच फरक. त्यावर आतली बाजू कोणती, उजवी बाजू कोणती हे लिहून ठेवावे. कमानी वाकड्या असतात हे वर सांगितलेच आहे, उलटा धरलेला फर्मा बसत नाही.

आपल्या भागात कमानीची समज नाही असे नाही. उदगीरचा किल्ला जवळ आहे, औशाचा आहे, पलीकडे बीदरमध्ये महमूद गावानचा १४७२ सालचा मदरसा उभा आहे. त्यांच्या कमानी ज्यांनी उभ्या केल्या ते असेच हाताने काम करणारे लोक होते. कमान हा शब्द फारसी, त्याचा अर्थ धनुष्य. पडदा आणि अस्तर हेही तिकडूनच आलेले, आणि मराठीतली महिरप म्हणजे मेहराबच. शब्द घरात रुळले, काम मात्र मधल्या काळात सुटले. त्याला एक मोठे कारण घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली माणसे गेली. त्यानंतर या जिल्ह्यात दगडाच्या भिंतीचे नाव घ्यायला लोक घाबरू लागले आणि ते बरोबरच होते. नवी घरे खांब-स्लॅबची आणि सरळ लिंटेलची झाली. कमान परत आली ती गेल्या काही वर्षांत, दर्शनी भागाची शोभा म्हणून. आज बहुतेक घरांत भार वरचे लिंटेल घेते, कमान खाली नुसती वळवलेली असते.

हा फरक पडदा लावणाऱ्याने ध्यानात ठेवावा. नव्या घरात भोक कुठेही मारले तरी फार तर प्लास्टर निघेल. जुन्या वाड्याची खरी दगडी कमान असेल तर तिच्या दगडांना ड्रिल लावू नये. मधल्या दगडाला तर मुळीच नाही, आणि सांध्यांनाही नाही. दांडी बाजूच्या लाकडी चौकटीत आतल्या आत बसवावी.

आता दराचे. हेच खरे दुखणे आहे. आपले शिंपी पडद्याची शिलाई नगावर घेतात. सरळ पडद्याला ते ठीक. कमानीच्या वरच्या चुण्यांना मात्र सरळ पडद्याच्या तिप्पट वेळ जातो, आणि नगाचाच दर मिळणार असेल तर कोणीही हेच म्हणेल की "वर दांडी ठोका, सरळ पडदा सोडा." त्यात शिंप्याचा दोष आम्ही मानत नाही. पण दर वेगळा सांगण्याची हिंमत त्यानेच केली पाहिजे. घरी येऊन माप घेण्याचे पैसे वेगळे, फर्म्याचे वेगळे, कमानीच्या शिलाईचे वेगळे, असे कागदावर लिहून द्यावे आणि अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. गिऱ्हाईक कुरकुरेल. गवंड्याला आणि वेल्डरला वेगळे पैसे देताना त्याने कुरकुर केली नव्हती, याची त्याला आठवण करून द्यावी. ओळखीच्या माणसाला उधार आणि परक्याला जास्त, ही आपल्या बाजारातली जुनी खोड इथे आणू नये. दर एकच असावा.

शिंपी आणि सुतार यांनी जोडी करावी असे आमचे सांगणे आहे. भागीदारीचे मोठे कागद नकोत. सुताराला खिडकीचे काम मिळाले की त्याने शिंप्याला माप घ्यायला सोबत न्यावे, आणि शिंप्याकडे पडद्याचे गिऱ्हाईक आले की त्याने सुताराला बोलवावे. दोघांच्या खुणा एकाच फर्म्यावर असाव्यात. म्हणजे पुढे "तुझे चुकले, माझे नाही" हा वाद राहत नाही.

घरी शिवणाऱ्या भगिनींसाठी तर या कामात खास जागा आहे. माप घ्यायला घराच्या आतल्या खोल्यांत जावे लागते, आणि ज्या घरात परका पुरुष आत येणे आवडत नाही तिथे बाईने जाऊन फर्मा काढणे सर्वांनाच सोयीचे. चुण्यांचे काम बारीक, हाताचे आणि बसून करण्याचे आहे. मशीन साधे चालते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा धंद्यांत शिंपी, सुतार, लोहार आणि गवंडी हे चारही आहेत. तीत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. कर्जही आहे, त्याला पाच टक्के व्याज. ज्यांना व्याजाचा पैसा नको त्यांनी कर्जाचा भाग सोडून प्रशिक्षण आणि हत्यारे एवढ्याचीच चौकशी करावी. योजनेचे नाव ऐकताच "आपल्याला कोण देतो" म्हणून घरी बसणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. निदान अर्ज तरी भरावा.

कापड विकणाऱ्या व्यापारी बंधूंनाही एक विनंती. कमानीचा फोटो घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला सात फुटी नग काढून देणे सोपे आहे, पण साडेसात मीटर कापड, अस्तर आणि वरचे वॉइल विकण्यात विक्री जास्त आहे. गल्ल्याजवळ दोन शिंप्यांचे आणि एका सुताराचे फोन नंबर लिहून लावावेत. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल त्यांच्याकडून दलाली मागू नये.

फर्मा काम झाल्यावर फेकू नये. गुंडाळून त्यावर घराचा पत्ता आणि खोलीचे नाव घालून दुकानात ठेवावा. चार-पाच वर्षांनी पडदे बदलताना ते घर तुमच्याकडेच येईल, कारण त्याच्या कमानीचे माप दुसऱ्या कोणाकडे नसेल. रमजान ईदच्या तोंडावर मात्र ही कामे अंगावर घेऊ नयेत. शेवटच्या दहा दिवसांत कपड्यांच्या शिलाईचाच डोंगर असतो. त्यात कोणी कमानीचा पडदा सांगितला तर आगाऊ रक्कम न घेता ईदनंतरची तारीख द्यावी, आणि त्या तारखेला कागद-कात्री घेऊन त्याच्या दारात हजर व्हावे.